बालकाचे ध्वनिग्रहण आणि अक्षरवाचनाचा आरंभ

मूल बोलू लागते ही घटना घरोघर इतकी नित्याची आहे की तिच्यामागील कर्तृत्व सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चार वर्षांचे मूल आपल्या भाषेतील बहुतेक सर्व ध्वनी वेगळे ओळखते, लिंगवचनानुसार रूपे चालविते, प्रश्न विचारते, हट्ट धरते आणि प्रसंगी थापही मारते. हे सर्व त्यास कोणी पाठ देऊन शिकविलेले नसते. हेच मूल शाळेत गेल्यावर वाचावयास शिकले नाही, तर मात्र त्याचा दोष त्याच्या बुद्धीस, आळसास वा घरच्या परिस्थितीस तत्काळ दिला जातो. 'असर' या देशव्यापी सर्वेक्षणाच्या २०२२ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात इयत्ता पाचवीतील केवळ ४२.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. महासाथीमुळे शाळा दीर्घकाळ बंद राहिल्या, हे त्याचे एक कारण खरे. परंतु त्यापूर्वी, २०१८ मध्येही, हे प्रमाण ५०.५ टक्क्यांच्या वर नव्हते. ज्यांनी भाषेसारखी गुंतागुंतीची व्यवस्था विनासायास आत्मसात केली, त्यांतील निम्मी मुले पाच वर्षांत वाचन आत्मसात करू शकत नाहीत, या विसंगतीचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. बोलणे व वाचणे या दोन क्रियांचे स्वरूप मुळातच भिन्न आहे, आणि देवनागरीतून वाचू पाहणाऱ्या मुलाची अडचण इंग्रजी वाचणाऱ्या मुलाच्या अडचणीहून वेगळ्या जागी आहे, असे येथे दाखवावयाचे आहे.

१. पहिले वर्ष : कानाची घडण

बालकाचे भाषाशिक्षण जन्मापूर्वीच सुरू होते, असे मानण्यास आता भरभक्कम आधार आहे. डीकॅस्पर व फायफर यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की तीन दिवसांहूनही लहान अर्भके परक्या स्त्रीच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज ऐकण्यासाठी अधिक चोखतात. चोखण्याच्या वेगावरून बालकाचे लक्ष मोजण्याची ही पद्धत त्याआधी आयमस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये ध्वनिभेदांच्या अभ्यासासाठी वापरली होती. एक व चार महिन्यांच्या अर्भकांना इंग्रजीतील 'ब' व 'प' यांमधील भेद कळतो, आणि तोही प्रौढांप्रमाणेच ठरावीक सीमेवर कळतो, असे त्यांना आढळले. येथे मराठी वाचकाने एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. इंग्रजीतील शब्दारंभीचा 'प' महाप्राणयुक्त असतो आणि तेथील 'ब' पुष्कळदा मराठी 'प'च्या जवळ जातो. इंग्रजीत जेथे दुहेरी विरोध आहे, तेथे मराठीत चौपदरी आहे : काल, खाल, गाल, घाल. मराठी घरात वाढणाऱ्या मुलाच्या कानास या चारही पदरांची छाननी करावी लागते.

अर्भकाचा कान आरंभी जगातील कोणत्याही भाषेस मोकळा असतो; पुढे तो घरच्या भाषेपुरता घडत जातो. या घडणीचा सर्वांत प्रसिद्ध पुरावा भारतीय ध्वनींवरच आधारलेला आहे. वर्कर व टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजीभाषक घरांतील बालकांना हिंदीतील दंत्य 'त' व मूर्धन्य 'ट' ऐकविले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बालकांना हा भेद कळला. दहा ते बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना तो कळला. हिंदीभाषक घरांतील त्याच वयाच्या बालकांच्या ठिकाणी मात्र तो टिकून होता. 'ताक' आणि 'टाक' यांतील भेद मराठी माणसास इतका उघड वाटतो की तो ऐकू न येणे ही गोष्टच त्यास चमत्कारिक वाटावी. परंतु ते श्रवण जन्मदत्त असले, तरी ते टिकून राहणे ही संगतीची कमाई होय.

केवळ ध्वनी कानावर पडणे मात्र पुरेसे नाही. पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बालकांना चार आठवड्यांत बारा वेळा चिनी भाषा ऐकविली. समोर बसून बोलणाऱ्या, खेळणाऱ्या व्यक्तीकडून ज्यांनी ती ऐकली, त्यांचे चिनी ध्वनिभेदांचे ज्ञान टिकले. दूरचित्रवाणीवरून वा ध्वनिमुद्रणातून ज्यांनी तेवढाच वेळ ती ऐकली, त्यांस काहीच लाभ झाला नाही. बालकास भाषा देणारा घटक म्हणजे त्याच्याकडे पाहून बोलणारे माणूस. आजीचे बोलणे, अंघोळीच्या वेळचे लाडीगोडीचे शब्द आणि अंगाई यांस म्हणून शिक्षणशास्त्रीय मोल आहे.

याच काळात एक सावधगिरी आवश्यक आहे. ऐकू येणारे मूल साधारणतः दहा महिन्यांच्या आत 'बाबाबा', 'दादादा' असे स्पष्ट अवयव उच्चारू लागते. जन्मतः बधिर मुलांत ही अवस्था उशिरा येते. वर्षाचे मूल असे बोबडेही बोलत नसेल, तर 'उशिरा बोलेल' म्हणून वाट पाहण्याऐवजी त्याच्या श्रवणाची तपासणी करून घेणे श्रेयस्कर ठरते, कारण बधिरत्व जितके लवकर ओळखले जाईल तितकी पुढील भाषिक हानी कमी होते.

२. शब्द, रूपे आणि बोबडे बोल

बोलण्यात दोन शब्दांमध्ये लेखनातल्यासारखी मोकळी जागा नसते. तरीही मूल त्या अखंड प्रवाहातून शब्द वेगळे काढते. सॅफ्रन, ॲस्लिन व न्यूपोर्ट यांनी १९९६ मध्ये आठ महिन्यांच्या बालकांना निरर्थक अवयवांची अखंड साखळी दोनच मिनिटे ऐकविली. कोणता अवयव कोणत्या अवयवामागून नेहमी येतो याची नोंद बालकांनी तेवढ्यात घेतली होती, असे नंतरच्या चाचणीत दिसून आले.

प्रौढ माणसेही या कामी नकळत साहाय्य करीत असतात. माऊ, काऊ, चिऊ, हम्मा, भूभू, मंमं हे शब्द मुलांनी निर्माण केले अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात ते मोठ्यांनी मुलांसाठी राखून ठेवलेले, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले शब्द आहेत. चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९६४ मध्ये सहा भाषांतील अशा बालभाषेची तुलना केली, तीत मराठीचा समावेश होता. त्याच वर्षी अशोक केळकर यांचा मराठी बालभाषेवरील स्वतंत्र निबंधही प्रसिद्ध झाला. द्विरुक्त अवयव, सोपी व्यंजने व जोडाक्षरांचा अभाव हे या शब्दांचे रूप मुलाच्या जिभेस झेपणारे असते.

जीभ कानाच्या मागून चालते. काकाला 'ताता' म्हणणारे, 'पाटी'ची 'पाती' करणारे, 'र'च्या जागी 'ल' घालणारे मूल ते भेद ऐकू शकत नाही असे नव्हे. बर्को व ब्राउन यांनी १९६० मध्ये नोंदविलेले उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. आपल्या खेळण्यातील माशास 'फिस' म्हणणाऱ्या मुलास निरीक्षकाने 'हा तुझा फिस का?' असे विचारताच मुलाने ते अमान्य केले. 'फिश' म्हटल्यावरच त्याचे समाधान झाले. घरीदारी मुलाच्या बोबड्या उच्चाराची नक्कल केली असता ते चिडते, त्याचे कारण हेच होय. रोमान याकोबसन यांनी १९४१ मध्ये मांडले की मुले ध्वनी विशिष्ट क्रमाने आत्मसात करतात : पुढच्या स्थानांचे आधी, मागच्यांचे नंतर, स्फोटक आधी, घर्षक नंतर. या क्रमास पुढील निरीक्षणांत अपवाद पुष्कळ सापडले, आणि बडबड व बोलणे यांत संपूर्ण खंड असतो हे त्यांचे मत टिकले नाही. परंतु बोबडेपणास नियम असतो, हा त्यांचा मुख्य विचार आजही ग्राह्य आहे.

रूपांच्या बाबतीतही मूल अनुकरणापलीकडे जाते. जीन बर्को यांनी १९५८ मध्ये मुलांना कधीही न ऐकलेले कृत्रिम शब्द देऊन त्यांची अनेकवचने करावयास सांगितली व मुलांनी ती नियमानुसार केली. मराठी मूल 'केलं' ऐकत असूनही 'मी करलं' म्हणते, तेव्हा त्याने 'बसलं', 'पडलं' यांवरून नियम काढलेला असतो. त्याची ही चूक म्हणजे त्याच्या विचाराची खूण होय.

३. बोलण्यात दडलेला घटक

येथवर जे घडते त्यासाठी मुलास भाषेकडे 'भाषा म्हणून' पाहण्याची आवश्यकता नसते. त्याचे लक्ष अर्थाकडे असते. ध्वनी हे केवळ वाहन असते. वाचनात ही स्थिती पालटते. लिपीतील खुणांशी बोलण्याचे तुकडे जुळवावयाचे असतील, तर आधी ते तुकडे जाणीवपूर्वक वेगळे करता आले पाहिजेत. हे तुकडे दोन प्रकारचे असतात. एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा म्हणजे अवयव. उदाहरणार्थ, 'आई' या शब्दात दोन अवयव आहेत. अर्थभेद करणारा लहानात लहान ध्वनिघटक म्हणजे स्वनिम. 'ताक' या एका अवयवात तीन स्वनिम आहेत. अवयव कानास व तोंडास स्वतंत्रपणे जाणवतो. स्वनिम तसा जाणवत नाही, कारण 'क' उच्चारतानाच तोंड पुढील स्वराच्या तयारीत असते आणि दोन्ही ध्वनी एकमेकांत मिसळतात.

इझाबेल लिबरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मुलांना शब्दातील तुकडे टिचक्या मारून मोजावयास सांगितले. चार वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना अवयव मोजता आले. स्वनिम एकासही मोजता आले नाहीत. पहिल्या इयत्तेच्या अखेरीस अवयव ९० टक्के मुलांना व स्वनिम ७० टक्के मुलांना मोजता आले. ही वाढ वयाने होते की वाचनाने? मोराइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये पोर्तुगालमधील निरक्षर प्रौढांची परीक्षा घेतली. शब्दाच्या आरंभीचा एक ध्वनी गाळणे वा जोडणे त्यांस बहुधा जमले नाही. त्याच समाजातील, प्रौढपणी साक्षर झालेल्यांना ते जमले. १९८६ मध्ये चीनमध्ये झालेल्या अभ्यासाने यात महत्त्वाची भर घातली. केवळ पारंपरिक चिनी चिन्हे वाचणाऱ्या साक्षरांनाही ही क्रिया जमत नव्हती. रोमन अक्षरांवर आधारलेले ध्वनिलेखन शिकलेल्यांना ती जमत होती. तात्पर्य, स्वनिमाची जाणीव वयाबरोबर आपोआप येत नाही. ती वर्णलिपीच्या अभ्यासातून येते. लिपी ज्या तुकड्याकडे बोट दाखविते, तो तुकडा वाचकास दिसू लागतो.

४. देवनागरीचे एकक

मग देवनागरी कोणत्या तुकड्याकडे बोट दाखविते? तिचे एकक अक्षर होय, आणि ते स्वनिम व अवयव या दोहोंच्या मध्ये पडते. 'का' हे एक अक्षर आहे, परंतु त्याचे 'क' व काना असे दोन भाग डोळ्यांना दिसतात. रोमन लिपीप्रमाणे हे भाग समान दर्जाने एकापुढे एक बसत नाहीत. स्वर हा व्यंजनास चिकटतो, कधी वर, कधी खाली, आणि पहिल्या वेलांटीत तर व्यंजनाच्या आधी. 'कि' लिहिताना हात आधी वेलांटी देतो आणि तोंड आधी 'क' म्हणते.

या रचनेचे दोन परिणाम होतात. पहिला हिताचा आहे. मुलास अवयव सहज जाणवत असल्यामुळे आरंभीचे वाचन त्याच्या स्वाभाविक जाणिवेच्या जवळ राहते. 'मामा', 'काका', 'नाना' हे शब्द अक्षरागणिक उच्चारले तरी शब्दच राहतात. इंग्रजी मुलास तीन वर्णांचे नावानिशी उच्चार करून शब्द जुळविताना जो अडथळा येतो, तो येथे येत नाही. दुसरा परिणाम भाराचा आहे. 'क'पासून 'ळ'पर्यंत ३४ व्यंजने आणि प्रत्येकाची बारा रूपे धरली, तर एकट्या बाराखडीतच ४०८ अक्षरे होतात, जोडाक्षरे निराळीच. सोनाली नाग यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांचा जो अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात अक्षरज्ञानाची ही वाटचाल चौथ्या इयत्तेपर्यंत चालू असलेली दिसली. अवयवांची जाणीव लवकर आली आणि स्वनिमांची जाणीव सावकाश आली. कन्नड व देवनागरी यांची रचना एकाच तत्त्वावर उभी असल्याने हा निष्कर्ष मराठीसही उपकारक आहे. पहिल्या इयत्तेअखेर वाचन 'पुरे' झाले पाहिजे ही अपेक्षा लिपीच्या स्वरूपाशी जुळत नाही, आणि दुसरीतच अक्षरांचे अध्यापन थांबविणे त्याहून अधिक घातक ठरते.

४०८ अक्षरे स्वतंत्रपणे पाठ करावयाची नसतात, हे मुलाच्या लक्षात केव्हा येते, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. 'क ला काना का' हा जुन्या शाळांतील पाठ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात खुणेचे नाव आणि तिचा ध्वनिपरिणाम एकत्र येतात, व व्यंजन कायम राहून स्वर बदलतो हे कानास ऐकू येते. परंतु तो पाठ आडवाच म्हटला जातो. का, खा, गा, घा असा उभा पाठ घेतला, तर स्वर कायम राहून व्यंजन बदलते हेही जाणवेल. आणि दोन्ही दिशांनी फिरणाऱ्या मुलास न शिकविलेले अक्षरही वाचता येईल. घोकंपट्टी व आकलन यांतील सीमारेषा येथे आहे.

५. लेखन व उच्चार यांतील अंतर

मराठी जशी बोलावी तशीच लिहिली जाते, हे विधान शिक्षकवर्गात वारंवार ऐकू येते. ते अंशतः खरे आहे आणि जेथे ते खरे नाही तेथेच मुले अडखळतात. 'बसता' व 'रस्ता' यांच्या उच्चारात 'स' व 'त' सारख्याच रीतीने लागून येतात. लेखनात एकात ती दोन सुटी अक्षरे आहेत व दुसऱ्यात जोडाक्षर. 'रसता' लिहिणाऱ्या मुलाने कान नीट वापरलेला असतो. 'घर' या शब्दात अक्षरे दोन, अवयव एकच. म्हणून अक्षर अक्षर लावून वाचणारे मूल 'घ', 'र' म्हणून थांबते आणि शब्द हाती लागत नाही. 'चार' आणि 'चारा' यांतील 'च' निराळे असून खूण एकच आहे. विश्व या अर्थी 'जग' व जगणे या क्रियापदाचे 'जग' यांचा भेद केवळ संदर्भाने कळतो. अनुस्वार 'अंग', 'अंत', 'अंबा' यांत तीन वेगळ्या अनुनासिकांचे काम करतो. 'श' व 'ष' यांचा भेद बहुतेकांच्या बोलण्यात उरलेला नाही. ऱ्हस्व-दीर्घ इकार-उकारांचा भेद तर बोलण्यापेक्षा नियमांवर अधिक चालतो. मराठी साहित्य महामंडळाच्या ज्या लेखननियमांना १९६२ मध्ये शासनाची मान्यता मिळाली, त्यांत शब्दान्ती दीर्घ लिहावे हा संकेत आहे, तो ऐकून कळण्याजोगा नव्हे. रकाराची रूपे सूर्य, चक्र, राष्ट्र, सुऱ्या या चार शब्दांत चार प्रकारची दिसतात.

यास्तव मुलाच्या चुकांची प्रतवारी करणे अगत्याचे आहे. 'रसता' लिहिणारे मूल आणि 'ताक'च्या जागी 'टाक' वाचणारे मूल यांस एकच लाल रेघ मारणे अन्यायाचे आहे. पहिल्यास लेखनाचा संकेत सांगावयाचा आहे. दुसऱ्याच्या बाबतीत अक्षरओळख, आणि क्वचित श्रवणही, तपासावयाचे आहे.

६. घरची बोली

आणखी एक अंतर सामाजिक आहे. महाराष्ट्रातील पुष्कळ घरांत 'पाणी'चा उच्चार 'पानी' होतो; कोठे 'ळ'च्या जागी दुसरा ध्वनी येतो. अशा घरातील मुलाचा ध्वनिसंच अपुरा नसतो. तो त्याच्या बोलीचा पूर्ण संच असतो. ते 'पाणी' हा छापील शब्द पाहून 'पानी' म्हणते, तेव्हा त्याने शब्द अचूक ओळखलेला असतो. अशा वेळी वाचन थांबवून उच्चार सुधारणारा शिक्षक त्यास नकळत असे शिकवितो की शाळेतील भाषा आपली नव्हे. प्रमाण उच्चार शिकवावयाचा नाही असे नाही. परंतु तो वाचनाची अट होऊ नये.

ज्यांच्या घरी कोरकू, गोंडी किंवा भिली बोलली जाते, त्यांचा प्रश्न याहून खोल आहे. गॉफ व टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचे आकलन हे लिपी उलगडण्याची क्षमता व बोलभाषेची समज यांचा गुणाकार आहे असे मांडले. गुणाकारात एक संख्या शून्य असली, तर उत्तर शून्यच येते. गोंडी मुलास मराठी अक्षरे आली तरी मराठी येत नसेल, तर ते वाचते ते ध्वनीच राहतात. आणि घरी इंग्रजी नसलेल्या मुलास पहिल्यापासून इंग्रजी माध्यमात घातले असता तेच घडते. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे जे कार्य उभे केले, त्याचा आरंभ मुलांच्या वस्तीपासून व त्यांच्या परिचित वस्तूंपासून होत असे. त्यामागील दृष्टी आजच्या संशोधनाशी सुसंगत आहे.

७. अध्यापनाची दिशा

वरील विवेचनावरून काही गोष्टी सरळ निघतात. शाळापूर्व वयात पाटीवर अक्षरे गिरविण्यापेक्षा बोलणे, गोष्ट ऐकणे व सांगणे, यमक जुळविणे, नावातील अवयवांवर टाळ्या वाजविणे यांस अग्रमान द्यावा. अक्षरांचा परिचय वर्णमालेच्या क्रमाने करून देण्याचे कारण नाही. वर्णमालेचा क्रम उच्चारस्थानांवर आधारलेला असून तो ध्वनिशास्त्राचा अमोल ठेवा आहे. परंतु शास्त्राचा क्रम हा शिकण्याचा क्रम असतोच असे नाही. 'ङ' व 'ञ' यांची ओळख पहिल्या महिन्यात होऊन मुलास एकही शब्द वाचता येत नाही. उलट क, म, न, ल, र ही पाच अक्षरे व काना एवढ्या भांडवलावर काम, नाक, कान, मान, लाल, माल, मन, मामा, काका, नाना, कमल, नाम असे शब्द पहिल्याच पंधरवड्यात वाचता येतात. व्यंजने संपेपर्यंत काना-मात्रा लांबणीवर टाकण्याची प्रथा म्हणूनच त्याज्य होय. जोडाक्षरांचे अध्यापन तिसरी-चौथीपर्यंत सलग चालावे. शब्दपद्धती की अक्षरपद्धती, हा वाद इंग्रजीच्या वर्णलिपीच्या अनुभवातून येथे आला. मराठीत अर्थपूर्ण शब्द व अक्षराची उकल या दोन्ही गोष्टी पहिल्या दिवसापासून एकत्र नेणे लिपीच्या प्रकृतीस मानवते.

शिक्षणशास्त्र व भाषाशास्त्र या दोन्ही विभागांतील विद्यार्थ्यांना येथे मोठे क्षेत्र खुले आहे. एखाद्या तालुक्यातील दहा शाळांतून दुसरीच्या मुलांच्या वाचनातील चुका शब्दशः उतरवून घ्याव्यात, त्या अक्षराच्या, मात्रेच्या, जोडाक्षराच्या, बोलीच्या की संकेताच्या आहेत हे ठरवावे, आणि तीच मुले चौथीत गेल्यावर पुन्हा पाहावीत. या कामास खर्चिक साधने लागत नाहीत. कान, वही व सबुरी पुरते. अशा नोंदी हाती आल्या, तर वर्गात मागे बसलेल्या मुलाविषयी 'याला वाचता येत नाही' एवढेच न म्हणता, 'याला मात्रा येतात, जोडाक्षर अडते' असे शिक्षकास म्हणता येईल. आणि ज्या अडचणीस नाव देता येते, तिच्यावर उपायही करता येतो.